मणक्याला पैसे, गुडघ्याला नाही

काल कायरोप्रॅक्टरकडे, म्हणजे हातानं मणका दाबून, अ‍ॅडजस्ट करून उपचार करणाऱ्याकडे, रिसेप्शनवरच्या मुलीनं एक फॉर्म पुढे केला आणि तेव्हापासून माझं डोकं भणभणतंय, म्हणून लिहायला बसले. फॉर्ममध्ये म्हटलंय की यापुढे मेडिकेअर, म्हणजे इथे अमेरिकेतला मुख्यतः ज्येष्ठांसाठीचा सरकारी आरोग्यविमा, बहुतेक पैसे देणार नाही, का तर तुमच्यात आणखी सुधारणा होईल असं दिसत नाही. खाली अंदाजे खर्च आणि तीन चौकोन. ट्रीटमेंट हवी आणि बिल मेडिकेअरला पाठवा, ट्रीटमेंट हवी पण बिल पाठवू नका, नाहीतर ट्रीटमेंटच नको. एकावर खूण करायची आणि सही ठोकायची.

अहो, माझं दुखणं ऑस्टिओआर्थ्रायटिसचं आहे! कमरेतले मणक्यांचे सांधे झिजलेत, दोन्ही गुडघे झिजलेत, आणि झिजलेली कूर्चा परत येत नाही हे तर सगळेच डॉक्टर सांगतात, मग सुधारणा कुठून दाखवू? सकाळी उठल्यावर भिंतीला न धरता किचनपर्यंत जाता यावं एवढंच मागते मी. पण नियम असा की माणूस सुधारत असेल तोवरच पैसे, आहे ते टिकवायला नाहीत. कायरोप्रॅक्टिक मेडिकेअरमध्ये आलं ते 1972 च्या कायद्यानं, आणि अजूनही फक्त हातानं मणका अ‍ॅडजस्ट करण्याचेच पैसे मिळतात, त्यातही 20 टक्के आपले. कायरोप्रॅक्टरनं सांगितलेला एक्सरे नाही, मसाज नाही, गुडघ्याला हात लावला तर तेही नाही. गुडघाही माझाच आहे ना! आणि हे कुठे, तर आयोवा राज्यातल्या डॅव्हनपोर्टमध्ये, जिथे 1895 साली डी. डी. पामरनं कायरोप्रॅक्टिक सुरू केलं, ज्याचं कॉलेज आजही ब्रॅडी स्ट्रीटच्या चढावर आहे. मी पहिल्या चौकोनावर खूण केली, कारण बिल गेलं आणि मेडिकेअरनं नकार दिला तरच अपील करता येतं. अपील करणार आहे.

माहेरच्या ग्रुपवर हे टाकलं तर वहिनी म्हणाली, अमेरिकेत राहून हाडवैद्याकडे जाता होय वन्सं? वाईट वाटलं. आपल्याकडच्या हाडवैद्यांनी कितीतरी लोकांना चालतं केलंय, त्यांना मी नावं ठेवणार नाही, पण इथे हे लोक कॉलेजात शिकून, परीक्षा देऊन, राज्याचं लायसन्स घेऊन बसतात. माझ्या कायरोप्रॅक्टरनं पहिल्या दिवशी हातच लावला नाही, आधी हाडांच्या ठिसूळपणाची टेस्ट कधी केली ते विचारलं, पाय बधिर होतो का, लघवीवर ताबा आहे का, सगळं विचारून घेतलं. रिपोर्टमध्ये हाडं थोडी विरळ दिसली म्हणून जोराचा झटका देत नाही, टेबलाचा कमरेखालचा भाग जरासा वर उचलून ठेवतो आणि दाबलं की तो खाडकन खाली बसतो, त्यामुळे कमरेवर ताकद कमी लागते. मानेला हात लावू देत नाही मी, मानेच्या रक्तवाहिनीला इजा होऊन स्ट्रोक आल्याच्या केसेस आहेत, क्वचित असल्या तरी आहेत.

गुडघ्याचं म्हणाल तर 2019 च्या अमेरिकन गाइडलाइन्समध्ये भर व्यायामावर, वजन कमी करण्यावर आणि काठीवर आहे, व्यायामाच्या जोडीला हातानं करायचे उपचार घ्या असं त्या म्हणत नाहीत, उलट नकोच असा त्यांचा कल आहे. माहीत आहे मला. पण कंबर मोकळी झाली की मी चालते, चालले की गुडघा कमी ठणकतो, आणि पेनकिलर कमी लागतात, माझ्या बीपीला त्या चालतही नाहीत. ऑपरेशनला घाबरून मी हे करतेय असं कुणी समजू नये, वेळ आली तर गुडघे बदलून घेईन.

वहिनी, तुमचे गुडघे दुखतात म्हणून सांगते, सांगलीत कायरोप्रॅक्टर शोधत बसू नका. चांगल्या फिजिओकडे जा आणि खुर्चीतून हाताचा आधार न घेता उठायचा-बसायचा व्यायाम नीट शिकून घ्या, मलाही इथे तोच दिलाय. आणि हाडांची टेस्ट न विचारता कुणी कडाकडा मोडायला लागला तर सरळ उठून घरी या.