ब्राउझर स्लो झालाय? कॅशे राहू दे, आधी टास्क मॅनेजर उघडा

ब्राउझर स्लो झालाय म्हटलं की ठरलेला सल्ला येतो, कॅशे क्लिअर कर. मला हा सल्ला अजिबात पटत नाही. साइटचे फोटो, फॉन्ट, स्क्रिप्ट परत परत डाउनलोड करायला लागू नयेत म्हणून त्यांची कॉपी मशीनवर ठेवलेली असते, तिला कॅशे म्हणतात. ती उडवली की त्याच साइट पहिल्यांदा उघडताना उलट जास्त वेळ घेतात, आणि सोबत कुकीजवरची, म्हणजे तुमचं लॉगइन लक्षात ठेवणाऱ्या नोंदींवरची, टिक तशीच राहिली तर बहुतेक साइटवरून लॉगआउट. एखादीच साइट मोडकी दिसतेय, बटणं भलतीकडे गेलीत, तेव्हा खुशाल करा, तिथे उपयोग होतो.

आधी हे बघा की हळू नक्की कोण आहे. तीच साइट त्याच वायफायवर मोबाइलमध्ये पण रखडत असेल तर प्रॉब्लेम नेटचा किंवा साइटच्या सर्व्हरचा, ब्राउझरला दोष देऊ नका. पण पान पूर्ण लोड झालंय आणि तरी स्क्रोल अडकतोय, टाइप केलेलं अक्षर उशिरा उमटतंय, तर तो बहुतेक मशीनवरचा भार असतो.

आता खरी गोष्ट. विंडोजवर क्रोम किंवा एजमध्ये शिफ्ट धरून एस्केप दाबा, ब्राउझरचा स्वतःचा टास्क मॅनेजर उघडतो, म्हणजे कोणता टॅब मशीनवर किती भार टाकतोय त्याची यादी. फायरफॉक्समध्ये वर पत्त्याच्या जागी अबाउट, मग कोलन, मग प्रोसेसेस असं इंग्रजीत टाइप करायचं. सीपीयूच्या, म्हणजे प्रोसेसरच्या वापराच्या, कॉलमवर क्लिक केलं की सगळ्यात जास्त खाणारी ओळ वर येते, मेमरीचंही तसंच. परवा ताईच्या लॅपटॉपवर हे केलं तर वर कोण, तर तिने सकाळी उघडून विसरलेला एक बातम्यांचा टॅब, मागच्या मागे जाहिरातीचे व्हिडिओ चालवत बसलेला. ती ओळ निवडून एंड प्रोसेस केलं आणि पंखा लगेच शांत झाला.

तिथे एवढ्या ओळी बघून घाबरू नका. क्रोम 2008 साली आला तेव्हापासूनच टॅब वेगवेगळ्या प्रोसेसमध्ये, म्हणजे स्वतंत्र चालणाऱ्या कामांत, चालवतो, एक पडला तरी बाकीचे तगावेत म्हणून. 2018 मध्ये स्पेक्टर नावाची प्रोसेसरमधली त्रुटी बाहेर आली, त्यानंतर प्रत्येक साइटला वेगळी प्रोसेस मिळायला लागली, पानात घुसवलेल्या दुसऱ्या साइटच्या चौकटींनासुद्धा. गूगलनेच तेव्हा सांगितलं होतं की यामुळे मेमरी साधारण 10 ते 13 टक्के जास्त लागेल. सुरक्षेसाठी ते मला मान्य आहे.

एक गोष्ट मात्र बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. एक्सटेन्शनची, म्हणजे ब्राउझरला वरून जोडलेल्या छोट्या प्रोग्रॅमची, स्वतःची ओळ छोटी दिसली म्हणून ते निर्दोष ठरत नाही, कारण एक्सटेन्शन पानाच्या आत जी स्क्रिप्ट चालवतं तिचा हिशोब त्या टॅबच्या नावावर पडतो. म्हणजे गुन्हा एक्सटेन्शनचा आणि नाव साइटचं. म्हणून तीच साइट इनकॉग्निटोमध्ये, म्हणजे खाजगी विंडोत, उघडून बघा, तिथे एक्सटेन्शन मुद्दाम परवानगी दिल्याशिवाय चालत नाहीत. फायरफॉक्समध्ये हेल्प मेनूत ट्रबलशूट मोड आहे, तो वापरा. तिथे पळतंय म्हटल्यावर निम्मी एक्सटेन्शन बंद करा, फरक पडला तर चोर त्या निम्म्यांत, नाही पडला तर उरलेल्यांत, असं करत करत सापडतं. सगळ्या साइटवरचा डेटा वाचायची परवानगी घेतलेली आधी तपासा.

रॅम, म्हणजे तीच मेमरी, भरली की सिस्टीम डिस्कवर लिहायला लागते आणि मग ब्राउझरच काय, सगळं मशीनच जड होतं. अशा वेळी क्रोमच्या सेटिंग्जमध्ये परफॉर्मन्सखाली मेमरी सेव्हर चालू करा, एजमध्ये तशाच कामाचं स्लीपिंग टॅब्स आहे. टॅब दिसत राहतो पण मेमरी सोडतो, क्लिक केलं की क्रोममध्ये परत लोड होतो, एजमध्ये जागा होतो. कामाच्या साइट मात्र अपवादाच्या यादीत टाका.

फक्त व्हिडिओच अडकत असतील तर ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये सिस्टीमखाली ग्राफिक्स ॲक्सेलरेशन, म्हणजे चित्र-व्हिडिओचं काम ग्राफिक्स चिपकडे देणारी सोय, बघा. बंद असेल तर चालू करा, चालू असूनही अडकत असेल तर ग्राफिक्स ड्रायव्हर, म्हणजे ती चिप चालवणारं सॉफ्टवेअर, अपडेट करा, आणि तोवर बंद ठेवून बघा.

एवढं करूनही हललं नाही तर ब्राउझरमध्ये नवीन प्रोफाइल, म्हणजे वेगळ्या सेटिंग्ज-बुकमार्कचा कोरा कप्पा, बनवा, जुनं उडवू नका. नव्यात नीट चालतंय असं दिसलं की बुकमार्क आणा, मग एक्सटेन्शन एकेक करून, मध्ये एखादा दिवस वापरून.