सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला तेव्हा
आज दादासोबत मुलुंडला सेकंडहँड डिझायर बघायला गेलो. २०१८ची, रंग चकाचक, रनिंगही कमी. सोबत आलेल्या मेकॅनिककाकांनी मात्र आधी सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला. टोकाला वाळलेल्या चिखलाची रेघ! डिकीतली स्टेपनी उचलली, तर खाली गंज. गाडी पाण्यात बुडून निघालेली. विकणाऱ्याने अवाक्षर काढलं नव्हतं. फार वाईट वाटलं, आईबाबांना यातच बसवणार होतो.

मग शोरूमला नवी पाहिली. डिकी ३८२ लिटरची, ६ एअरबॅग, ग्लोबल एनकॅपच्या क्रॅश टेस्टमध्ये (धडक चाचणीत) ५ स्टार. इंजिन आता ३ सिलिंडरचं. सिग्नलला थोडी थरथर जाणवते, जुनं ४ सिलिंडरचं जास्त शांत होतं. तरी मन नवीकडेच झुकतंय. बाबांचे गुडघे दुखतात, सीट जरा खाली वाटली. रविवारी त्यांनाच बसवून बघतो.