पहिला चढणारा, शेवटचा उतरणारा : आमची वाटचाल

तेरा वर्षं झाली आम्हाला या धंद्यात, मी आणि माझा धाकटा भाऊ. सुरुवात एका जुन्या चाळीस सीटच्या बसने केली, आज तीन मोठ्या बस आणि एक छोटी व्हॅन आहे. लोक विचारतात की खेडोपाडी शाळेची बस चालवणं म्हणजे नेमकं काय असतं, सकाळी पोरं घ्यायची शाळेत सोडायची संध्याकाळी परत आणायची, त्यात काय एवढं? पहिल्या वर्षी आम्हालाही तसंच वाटलं होतं म्हणून सगळं नीट लिहून काढतोय.

शहरात एका सोसायटीच्या गेटवर दहा-बारा पोरं एकदम चढतात, आमच्याकडे एका वस्तीवर एक, पुढे दीड किलोमीटरवर दोन, मग फाट्यावर चार, असं करत करत गाडी भरते. पहिला रूट आम्ही कागदावर आखला, चौदा स्टॉप आणि छत्तीस पोरं, किलोमीटर भागिले स्पीड करून वेळ काढला आणि पहिल्याच आठवड्यात रोज वीस मिनिटं उशीर. कारण प्रत्येक स्टॉपला गाडीचा वेग कमी करा, थांबा, दार उघडा, दप्तर वर घ्या, पोरगं सीटवर बसलं का बघा, मग निघा, यातच एकेक मिनिट जातं आणि चौदा स्टॉप म्हणजे चौदा मिनिटं ही कागदावर दिसतच नाहीत. तेव्हापासून नियम आहे की नवीन रूट असेल तर मी स्वतः रिकामी गाडी घेऊन शाळेच्याच वेळेला, प्रत्येक स्टॉपवर खरंखरं थांबून फिरतो, आणि तो वेळ लिहितो. दुपारी फिरून चालत नाही, सकाळी रस्त्यावर ट्रॅक्टर वेगळे, गुरं वेगळी, धुकं वेगळं.

दुसरी गोष्ट जी उशिरा कळली ती म्हणजे सगळ्यात लांबच्या पोराचं काय होतं. आम्ही सगळे करतात तसंच करायचो, सकाळी लांबून सुरुवात करून शाळेकडे यायचं आणि संध्याकाळी त्याच रस्त्याने उलटं जायचं. म्हणजे जी मुलगी सकाळी सगळ्यात आधी चढते तीच संध्याकाळी सगळ्यात शेवटी उतरते. आमच्या टोकाच्या स्टॉपवर एक सातवीतली मुलगी होती, सकाळी ५५ मिनिटं आणि संध्याकाळी ५५ मिनिटं, रोजचे ११० मिनिटं गाडीत. आणि शाळेजवळच्या स्टॉपची पोरं जाऊन येऊन १६ मिनिटं. फी दोघांची वेगळी असली तरी दिवस दोघांचा सारखाच ना. तिची आजी एकदा सहज म्हणाली, "दादा, ही घरी येते तेव्हा जेवायचं सुद्धा त्राण नसतं हिच्यात, अभ्यास कधी करणार." ते वाक्य डोक्यातून जाईना.

तोडगा भावाने काढला. शाळेपासून त्या टोकाला जाणारा एक थेट रस्ता होता, स्टॉप नसलेला, पंधरा मिनिटांचा, सकाळी रिकामी गाडी तिकडूनच जायची. तो म्हणाला संध्याकाळी पण आपण सकाळसारखंच फिरू, गोल, त्याच दिशेने. आधी थेट टोकाला जाऊन तिला सोडायचं आणि मग बाकीचे स्टॉप सकाळच्याच क्रमाने घेत शाळेजवळ यायचं. म्हणजे जो आधी चढला तो आधी उतरला. हिशोब मांडला तर तिचे सकाळी ५५ आणि संध्याकाळी १५, एकूण ७०. शाळेजवळच्या पोराचे सकाळी ८ आणि संध्याकाळी ६२, एकूण तेही ७०. मधल्या कुठल्याही स्टॉपचं धरा, बेरीज ७० च येते, कारण गोलाचा जेवढा भाग सकाळी फिरायचा राहिला तेवढाच संध्याकाळी कापला जातो. मला ते बघून खूप आनंद झाला होता.

शाळेजवळच्या पालकांना अर्थातच झाला नाही. जे पोरगं आठ मिनिटांत घरी यायचं ते आता तासाभराने येणार, फोनवर फोन, दोन घरांनी बस सोडली. आणि त्यांचंही चुकत नव्हतं, पहिली-दुसरीची पोरं होती ती, दमून जायची. शेवटी व्हॅन घेतली तेव्हा जवळच्या तीन स्टॉपची पोरं संध्याकाळी व्हॅनमध्ये टाकली, ती आठ-दहा मिनिटांत घरी, आणि मोठ्या बसचा गोल पण थोडा छोटा झाला. सोडून गेलेल्या दोन घरांपैकी एक परत आलं. दुसरं नाही आलं, त्याचं अजून वाईट वाटतं, कारण व्हॅन घ्यायला आम्हाला आठ महिने लागले आणि तेवढे महिने त्यांनी स्वतःचं काम सोडून पोराला आणलं नेलं.

गोल फिरण्याचा एक फायदा आम्हाला नंतर लक्षात आला आणि खरं तर तोच सगळ्यात मोठा आहे. गाडी दोन्ही वेळा एकाच दिशेने गेली की दार दोन्ही वेळा रस्त्याच्या एकाच बाजूला उघडतं. पूर्वी उलटं जायचो तेव्हा प्रत्येक पोराला सकाळी नाहीतर संध्याकाळी रस्ता ओलांडावा लागायचाच. शाळेच्या बसचा धोका आत बसल्यावर कमी असतो हो, धोका असतो तो गाडीच्या बाहेर, चढता-उतरताना, पुढच्या बंपरसमोरून पळताना, कारण उंच बसमध्ये ड्रायव्हरला अगदी नाकासमोरचं बुटकं पोर दिसत नाही. आणि लहान मुलांना येणाऱ्या गाडीचा वेग नीट जोखता येत नाही, त्यांना गाडी लांब दिसते म्हणजे वेळ आहे असं वाटतं. ६० च्या स्पीडने येणारी गाडी सेकंदाला सोळा-सतरा मीटर पुढे सरकते, समोरच्याचा पाय ब्रेकवर जाईपर्यंतच तेवढं अंतर गेलेलं असतं. आता घर ज्या बाजूला त्याच बाजूला दार, हे बघूनच स्टॉप ठरवतो. जिथे जमत नाही तिथे गाडीत पोरांना सांभाळणाऱ्या मावशी खाली उतरून हात धरून पलीकडे सोडतात, मग भले दोन मिनिटं जावोत.

गाडीच्या पिवळ्या रंगाचं पण असंच आहे. १९३९ साली न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजमध्ये फ्रँक सीर (Frank Cyr) नावाच्या, ग्रामीण शिक्षणाचंच काम करणाऱ्या प्राध्यापकांनी बैठक बोलावली होती, तिथे शाळेच्या बसचे नियम ठरले आणि हा रंगही ठरला, कारण पहाटेच्या अंधुक उजेडात पिवळ्यावरची काळी अक्षरं लांबून वाचता येतात. आम्ही जुनी बस घेतली तेव्हा ती मळकट पांढरी होती. रंगाचा खर्च पुढच्या वर्षी करू असं ठरवलं होतं, पण पहिल्याच धुक्यात एक मोटरसायकलवाला अगदी मागे येऊन थांबला, आणि पुढच्याच रविवारी गाडी रंगायला दिली.

आता जे लिहितोय ते लिहायला जड जातं पण टाळणार नाही. दुसऱ्या वर्षी मावशी सुट्टीवर होत्या, ड्रायव्हर एकटा. शाळेच्या गेटवर पोरं उतरली, त्याने आरशात बघितलं, गाडी रिकामी दिसली, दार लावून गाडी डिझेल भरायला नेली. पहिलीतलं एक पोरगं मागच्या सीटवर दप्तराआड झोपलं होतं. वीस मिनिटांनी रडण्याचा आवाज आला तेव्हा कळलं. पोराला काही झालं नाही, त्याला घेऊन आम्ही दोघं भाऊ त्याच्या घरी गेलो, जे झालं ते सगळं सांगितलं. त्याची आई ओरडली नाही, फक्त विचारलं, "मागचं दार आतून उघडतं का?" आम्ही जाऊन बघितलं. इमर्जन्सी दाराचा हँडल इतका घट्ट होता की मला दोन हातांनी ओढावा लागला, सहा वर्षांचं पोर काय उघडणार.

त्या दिवसापासून आमच्या प्रत्येक गाडीत "गाडी रिकामी आहे" अशी पाटी आहे, ती ड्रायव्हरच्या सीटमागे ठेवलेली असते आणि ट्रिप संपली की ती शेवटच्या काचेत नेऊन अडकवायची. म्हणजे ड्रायव्हरला शेवटच्या सीटपर्यंत चालावंच लागतं, प्रत्येक सीटखाली बघत. आरशात बघून चालत नाही. आणि वर्षातून दोनदा पोरांकडून मागचं दार उघडून घेतो, मोठी पोरं आधी उतरून खाली उभी राहतात आणि लहानांना हात देतात, दप्तरं गाडीतच ठेवायची. पोरांना मजा वाटते पण हँडल हलका आहे की नाही ते आम्हाला त्यातूनच कळतं.

पालकांशी बोलण्याचं गणित पण हळूहळूच जमलं. आधी व्हॉट्सॲप ग्रुप केला, त्यावर रात्री बारा वाजेपर्यंत शुभेच्छा आणि फॉरवर्ड, त्यात "उद्या आमचा येणार नाही" हा मेसेज वाहून जायचा आणि सकाळी गाडी रिकाम्या स्टॉपवर उभी. आता ग्रुपवर फक्त आम्ही लिहितो, सुट्टीचा निरोप रात्री आठच्या आत मावशींना वेगळा. जीपीएसचं ॲपही लावलं, पण दोन डोंगरांमधल्या पट्ट्यात नेटवर्कच नाही, तिथे गाडी नकाशावर बारा मिनिटं एकाच जागी थिजलेली दिसते आणि घरोघरी जीव खालीवर. म्हणून छापील वेळापत्रक प्रत्येक घरात दिलंय, त्यात या पट्ट्यात किती वेळ गाडी दिसणार नाही तेही लिहिलंय. आणि एक गोष्ट ड्रायव्हरना निक्षून सांगितली आहे, उशीर झाला तर समजू शकतो पण वेळेच्या आधी स्टॉप सोडायचा नाही, एक मिनिट सुद्धा नाही. शहरात बस चुकली तर रिक्षा मिळते, इथे बस चुकली म्हणजे त्या पोराची शाळा बुडाली, नाहीतर आई-बाबांपैकी कोणाची तरी दिवसाची मजुरी बुडाली.

पावसाळ्यात एक ओढा आहे रूटवर. फूटभर पाणी छोट्या कारला तरंगवू शकतं आणि दोन फूट वाहतं पाणी बहुतेक गाड्यांना ओढून नेतं, बस जड आहे म्हणून ती जाईल हा समज चुकीचा आहे. रस्त्याचा काठ दिसला नाही की गाडी अलीकडेच थांबते, मग पलीकडच्या घरी फोन, आणि पोरं जवळच्या एका ठरलेल्या घरी थांबतात. ते घर कोणतं हे शाळा सुरू व्हायच्या आधी दरवर्षी ठरवून घेतो, त्या घरच्या काकूंना जाऊन भेटतो. दोन वेळा खरंच उपयोग झाला.

गाड्या आता टोकाच्या वस्तीवरच मुक्कामाला असतात, ड्रायव्हर तिथलेच आहेत. त्यामुळे सकाळी टोकापर्यंत रिकामी गाडी न्यावी लागत नाही. फक्त गाडी नजरेआड राहते म्हणून मी आठवड्यातून एकदा पहाटे न सांगता जातो, टायर, ब्रेक, दिवे, वायपर, मागचं दार, आणि ती पाटी.

ती सातवीतली मुलगी आता कॉलेजला आहे, तिचा धाकटा भाऊ आमच्याच बसने येतो. आणि गेल्या महिन्यात त्यांच्याही पुढे तीन किलोमीटरवरच्या वस्तीतून निरोप आलाय, तिथे दोन पोरं आहेत. रस्ता कच्चा आहे, मोठी बस वळेल की नाही शंका आहे, आणि दोन पोरांसाठी सगळ्यांची बेरीज किती वाढते ते बघायचंय. सोमवारी सकाळी सहाला मी आणि भाऊ रिकामी गाडी घेऊन जाणार आहोत, घड्याळ लावून.