मामा तलावासाठी कयाक: तिन्हींत बसून पाहिलं, एक ठरली

गळ, रीळ, दोरी सगळं दिवाळीपर्यंत जमलं होतं. अडलं होतं ते पाण्यावर जायचं. आमच्या मामा तलावातली (माजी मालगुजारी, म्हणजे जुन्या जमीनदारी काळातला तलाव) मरळ पाळीवर, म्हणजे बांधावर, बसणाऱ्याच्या हाती लागत नाही. ती आत असते, कमळाच्या पानांखाली, बेशरमच्या झुडपांच्या आडोशाला. मरळीला हवा घ्यायला वर यावंच लागतं. एक पान हलतं, 'टुप्' असा आवाज होतो, दोन बुडबुडे राहतात. पाळीवरून तो आवाज स्पष्ट ऐकू येतो आणि गळ मात्र तिथवर पोचत नाही.

गाव साकोलीच्या बाजूचं, भंडारा जिल्हा. तलाव मच्छीमार संस्थेकडे ठेक्याने आहे, म्हणून कयाक, म्हणजे वल्ह्याने चालवायची छोटी नाव, बघण्याआधी संस्थेत जाऊन परवानगी घेतली. शिंगाड्याच्या वेलीत नाव घालायची नाही, एवढी एकच अट. रास्त आहे. ती वेल ढिवरांचं, म्हणजे इथल्या मच्छीमार समाजाचं, पीक आहे.

डिसेंबर. पहिली कयाक नागपूरच्या मित्राची, आत पाय घालून बसायची, १२ फूट लांब आणि अरुंद. सरळ जाते, वल्ह्याच्या दोन हातांत तीर सुटल्यासारखी पुढे निघते. ज्याला मोठ्या पाण्यावर लांब जायचंय, गोसीखुर्द धरणाच्या फुगवट्यासारखं, त्याला ती आवडेल. मी मात्र गळ सोडवायला एका बाजूला वाकलो आणि पालथा झालो. लाईफ जॅकेट होतं, पाणी छातीभर होतं, मला काही झालं नाही. पण नाव काठोकाठ भरली. आत बसायच्या नावेत एकदा पाणी शिरलं की पाण्यात उभं राहून ती रिकामी करणं एकट्याचं काम नाही. डोंग्यातून जाळं काढणारे एक ढिवर काका आले, त्यांनी दोरी बांधून काठाला ओढत नेली. काठावर त्यांनी नाव उलटी केली, तळावरून हात फिरवला आणि म्हणाले, "लांबी पाहून का करता जी? बूड पाहा. पसरट पाह्यजे." पुढचे चार महिने मी तेच बघत होतो.

मार्च. दुसरी, हवा भरायची. हिच्यावर माझी खूप आशा होती, कारण घडी घालून मोटरसायकलला मागे बांधता येते. चांगल्या प्रतीच्या नावेत तळाच्या दोन थरांमध्ये हजारो धागे ओवलेले असतात, त्यामुळे हवा भरली की तळ फळीसारखा ताठ होतो, उभंही राहता येतं. पण आमच्या काठाला बाभळी आहेत. पाण्यात ढकलताना वाळूतला एक काटा तळात गेला. आवाजही आला नाही, फक्त बारीक बुडबुड्यांची माळ दिसली. ठिगळ लावलं, ते टिकलंही, पण त्यानंतर दर वेळी काठाला लागताना जीव खाली-वर व्हायचा. दुसरं म्हणजे ऊन. सकाळी पूर्ण भरलेली हवा दुपारी तापून फुगते, म्हणून काठावर ठेवताना थोडी सोडावी लागते. काटे नसलेल्या, वाळूच्या काठाला ही नाव उत्तम. आमच्याकडे नाही.

एप्रिल. तिसरी, वर बसायची, जाड प्लास्टिकची, १० फूट लांब, ८२ सेंटीमीटर रुंद, २६ किलो. हिच्यात बसायची जागा उघडी असते आणि तळाला आरपार भोकं असतात. आत आलेलं पाणी त्यातून आपोआप खाली जातं. हे ऐकून माहीत होतं, पण एक गोष्ट बसल्यावरच कळली: वजन जास्त झालं की त्याच भोकांतून पाणी वर येतं आणि आपण ओल्यात बसतो. नावेवर १५० किलो लिहिलेलं असलं तरी मासेमारीला दोन तृतीयांशच धरावं. मी ७८ किलोचा, सामान, पाणी आणि मासे धरून ९५ पर्यंत जातो. ठरवण्याआधी तेवढं वजन रेतीच्या पोत्यांनी भरून बघितलं. जागा कोरडी राहिली, तेव्हाच मन वळलं.

मग मुद्दाम तिच्यातून पडलो, सहा वेळा. पालथी झाली तर पलीकडची कड धरून ओढायची, सुलटी झाली की पोटावर आडवं होऊन वर सरकायचं, मग वळून बसायचं. तिसऱ्या वेळेपासून जमलं. जो कोणी कयाक घेणार असेल त्याने पैसे देण्याआधी हे करून बघावंच, आणि काठाजवळ, सोबत माणूस असताना.

पायाने चालवायच्या कयाकचा विचार मी सोडला. हात मोकळे राहतात हे खरं, पण खालचं यंत्र वेलीत अडकतं आणि आमचं अर्धं पाणी वेलीचंच आहे. रुंद नाव हळू जाते, दुपारी वारा सुटला की अंगावर येतं, तेही मान्य केलं. पाळीपासून कमळापर्यंत किती अंतर आहे? फार तर दोनशे मीटर. रुंदी जास्त म्हणून वल्हं मात्र लांब घेतलं, २४० सेंटीमीटर. लहान वल्ह्याने गुडघ्यावर सारखं पाणी सांडत होतं.

वजनाचा प्रश्न पाळीवर येतो. रस्ता खाली, मध्ये दगडांची उंच पाळ, पलीकडे पाणी. चाकांची गाडी दगडांवर चालत नाही. ३५ किलोची एक नाव बघितली होती, खुर्चीसकट सुंदर, पण ती मी एकटा पाळीवरून नेऊ शकलो नाही. २६ किलोची खांद्यावर घेऊन, मध्ये एकदा टेकवून नेता येते. माझ्यासाठी निवड तिथेच संपली.

नाव पुढच्या आठवड्यात घरी येतेय. पावसाळ्यात मरळ पिलं सांभाळते. लालसर पिलांचा झुबका पाण्यावर दिसला की त्या बाजूला गळ टाकायचा नाही, हे आधीच ठरवलंय. तोवर नांगराऐवजी चिखलात रोवायला बांबू तयार केलाय: सात फूट, टोक विस्तवावर शेकून कडक केलेलं. तो नावेच्या मागच्या टोकाला बांधायचा, बाजूला कधीच नाही, वाऱ्याने नाव आडवी ओढली जाते. गाठ अजून पक्की व्हायचीय.