नऊ ॲमीटर

शनिवार, रात्रीचे साडेनऊ. जेवण झालं, भांडी तशीच ठेवून बसलेय, कारण हे आज लिहिलं नाही तर सोमवारपर्यंत अर्धं विसरेन.

आमच्या फिजिक्स लॅबची डेडस्टॉक पडताळणी, म्हणजे टिकाऊ सामानाची मोजणी, चालू आहे. आधी लॅब सांभाळणारे काका मागच्या मे महिन्यात रिटायर झाले आणि लॅबचा चार्ज माझ्याकडे आला, पण त्यांचं ना-देय, म्हणजे काही देणं बाकी नसल्याचा दाखला, अजून ऑफिसात अडकलंय, कारण रजिस्टर आणि कॉम्प्युटर जुळत नाही. बुधवारी कमिटी बसली, मी क्वेरी चालवली, स्क्रीनवर ॲमीटर, म्हणजे करंट मोजायचे मीटर, 14 आले. जडसंग्रह नोंदवहीत, म्हणजे डेडस्टॉक रजिस्टरात, 23. कमिटीतले एक सर म्हणाले, नऊ शॉर्ट, लिहून घ्या, आणि क्लार्कनी पेन्सिलीनी काकांच्या नावापुढे 9 लिहिलं सुद्धा. मला तिथे एकदम घशाशी आलं. एकतीस वर्षं ज्या माणसानं सोडियम लॅम्प सुद्धा स्वतःच्या हातानी गार होईपर्यंत थांबून मगच कपाटात ठेवला त्याच्या नावापुढे नऊ ॲमीटर.

गुरुवारी लेक्चर्स संपल्यावर कपाट क्रमांक तीन आणि चार पूर्ण रिकामं केलं आणि सगळे ॲमीटर टेबलावर मांडले. लाकडी पेटीतले जुने, बेकलाइटचे, काट्याखाली आरशाची पट्टी असलेले, सगळे. 21 भरले. उरलेले दोन 2016 साली निर्लेखित झालेत, म्हणजे बाद म्हणून रीतसर काढून टाकलेत, ठरावाची झेरॉक्स रजिस्टरच्या त्याच पानाला टाचलेली आहे, काकांनीच टाचलेली. म्हणजे 23 पूर्ण. एकही गेला नाहीये. धावत जाऊन मॅडमना सांगितलं तर त्या म्हणाल्या, आकडा जुळून भागत नाही गं, पेटीवरचा नंबर यादीत दिसला पाहिजे, नाहीतर हा तोच ॲमीटर कशावरून. त्यांचं बरोबर होतं.

मग शुक्रवार आणि आजचा दिवस त्यातच गेला.

आधी नावाचं बघितलं. एक्सेलमध्ये नावाच्या कॉलमला फिल्टर लावला तर खाली येणाऱ्या लिस्टमध्ये ॲमीटर दोनदा दिसला, हुबेहूब सारखा. मला वाटलं शेवटी एखादी स्पेस राहिली असेल, ट्रिम करून बघितलं, तरी दोनच. शेवटी सेलमध्ये शिरून पहिल्या अक्षराच्या मागे कर्सर ठेवला आणि बॅकस्पेस दाबला, एका नोंदीत ॲ एका झटक्यात गेला आणि दुसरीत फक्त डोक्यावरची चंद्रकोर गेली, खाली अ तसाच उभा. तेव्हा लख्ख कळलं. एकात ॲ हे सबंध एकच अक्षर आहे आणि दुसऱ्यात अ आणि त्यावर वेगळा ॅ टाइप झालाय, डोळ्याला फरक नाही पण मशीनला ते दोन वेगळे शब्द. खात्री करायला युनिकोडचं फंक्शन लावलं, पहिल्याचा आकडा आला 2418 आणि दुसऱ्याचा 2309. नंतर शोधलं तर कळलं की हा अखंड ॲ युनिकोडमध्ये 2008 साली आला, त्याआधी मराठीत लिहिणारे अ वर चंद्र देऊन किंवा ऍ वापरून भागवत होते. आमच्या यादीत ऍमीटर असलेल्या पण तीन नोंदी निघाल्या, तो तर दिसायलाच वेगळा, ए सारखा, पण त्या पार खाली होत्या आणि माझी नजर तिथे गेलीच नव्हती. 14 आणि 6 आणि 3. तेवीस.

कुठून आलं हेही आता कळतंय. माझ्या नोंदी माझ्या कीबोर्डवरून, काही नोंदी कमवा व शिका योजनेतल्या एका मुलानं त्याच्या लॅपटॉपवर केलेल्या, आणि काही काकांच्या वेळच्या जुन्या फॉन्टमधल्या फाइलवरून कन्व्हर्ट केलेल्या. तिघांनीही शब्द बरोबरच लिहिला होता. कोणाचीच चूक म्हणता येत नाही आणि तरी एका माणसाचं ना-देय थांबलं.

नंबराचं प्रकरण याहून वाईट निघालं. आमच्याकडे प्रत्येक वस्तूवर पांढऱ्या ऑइलपेंटनी रजिस्टरचं पान आणि नोंद लिहिलेली असते, म्हणजे पान 12 वरची चौथी नोंद असेल तर 12/4. हे एक्सेलमध्ये साधं टाइप केलं की ते त्याला तारीख समजतं आणि 12-एप्रिल करून टाकतं. 12/47 ची तर डिसेंबर 47 झाली होती, सेलवर क्लिक केलं की वर 1 डिसेंबर 1947 दिसत होतं, आणि आमचं सगळ्यात जुनं रजिस्टरच 1974 चं! एवढ्यावर थांबलं असतं तरी उलटं करून परत नंबर काढता आला असता. पण त्या मुलाच्या लॅपटॉपवर तारखेची सेटिंग अमेरिकन होती, तिथे महिना आधी धरतात, त्यामुळे त्याच 12/4 ची 4-डिसेंबर झालेली. आता यादीत 4-डिसेंबर दिसलं तर ते पान 12 नोंद 4 की पान 4 नोंद 12, हे फाइलकडे बघून सांगताच येत नाही. आणि हीच फाइल तशीच्या तशी ॲक्सेसच्या डेटाबेसमध्ये इम्पोर्ट केलेली, त्यामुळे तिथेही तेच.

म्हणून रजिस्टरच खाली काढलं. आधी जुन्या फाइलची कॉपी करून नावात आजची तारीख टाकून पेनड्राइव्हवर ठेवली, नवीन शीटमध्ये नंबराचा कॉलम टाइप करायच्या आधीच टेक्स्ट करून घेतला, आणि वस्तूच्या नावाला ड्रॉपडाउन लावला म्हणजे यापुढे कोणीही भरलं तरी नाव निवडायचं, टाइप करायचं नाही. मग पान पहिलं. काकांचं अक्षर बारीक आणि उभं आहे, निळ्या शाईत नोंद, लाल शाईत किंमत, आणि दुरुस्तीला गेलेल्या वस्तूपुढे पेन्सिलीनी गेल्याची आणि आल्याची तारीख. ही पेन्सिलीची माहिती कॉम्प्युटरमध्ये कोणी भरलीच नव्हती, त्यासाठी कॉलमच नव्हता. मी तो केला. पान 12 वर पोचले तेव्हा टेबलावरचा एकेक ॲमीटर उलटा करून नंबर वाचत गेले आणि शिपाई मावशी रजिस्टरवर बोट ठेवून हो म्हणत गेल्या. एकविसावा जुळला तेव्हा त्या माझ्याआधी हसल्या.

संध्याकाळी काकांना फोन लावला. ते पाटणला गावी असतात, पावसानं रेंज येत जात होती. ना-देयचं मी सांगायला लागले तर म्हणाले, "होईल गं ते. शून्य ते पाचशे मिलिअँपिअरवाल्या एकाचा काटा शून्यावर बसत नव्हता, तो बघितलास का?" बघितला होता, डावीकडे दोन घरं सरकलेला. म्हणाले, "पुढचा स्क्रू अगदी हलक्या हातानी फिरव, आणि आधी काचेवर टिचकी मार, कधी कधी नुसता अडकलेला असतो."

सोमवारी मॅडमच्या टेबलावर तेवीस नोंदींची प्रिंट ठेवायची, पेटीवरचा नंबर, रजिस्टरचं पान, शेवटी सहीची जागा. क्लार्ककडून ते पेन्सिलीचं 9 माझ्यासमोर खोडून घ्यायचं. रजिस्टर एकूण 96 पानांचं आहे, आज 30 झाली, 31 व्या पानापासून रिओस्टॅट सुरू होतात.