ॲनापोलिसच्या शिस्त-नोंदवह्या: 1853 ते 1861 चा तक्ता कुठवर आला

मंडळी, 1853 ते 1861 या भागाची पानं उतरवून होत आली आहेत. आता न्यूपोर्टची वर्षं (1861 ते 1865, शाळा तिथं हलली होती) हातात घ्यायची, त्याआधी ठरलेल्या रीती एका जागी मांडून ठेवतो. जळगाव, भुसावळ, अमळनेर आणि धुळे, चार गावांत बसून एकच तक्ता भरायचा तर ज्याची त्याची वेगळी पद्धत चालायची नाही.

नव्यांसाठी थोडक्यात. अमेरिकी नौदलाची ही शाळा ॲनापोलिसला 10 ऑक्टोबर 1845 ला सुरू झाली. 1850 मध्ये नवे नियम आले आणि शाळेची 'नेव्हल ॲकॅडमी' झाली. शिस्तभंगाच्या वह्या एम 991 या मायक्रोफिल्म मालिकेत आहेत: 1846 ते 1850, मग एकदम 1853 ते 1882. पुढे 1881 ते 1908 ची अभ्यास आणि वर्तणुकीची एकत्र रजिस्टरं. मधल्या खंडाच्या जागी 'नोंद नाही' असंच लिहा, शून्य नको. शून्य टाकलं की सरासरी कोसळते आणि तेवढी वर्षं पोरं साधुसंत होती असं दिसतं.

तक्त्याचे रकाने असे: रीळ व चौकट क्रमांक, वर्ष, महिना, दिवस, आडनाव, नाव, गुन्हा (मूळ इंग्रजीत, जसाच्या तसा), गुन्ह्याचा मराठी गट, तक्रार नोंदवणारा, डिमेरिट (शिस्तभंगाचे दंडगुण), शेरा. तारीख तीन रकान्यांत तोडण्याचं कारण एक्सेल. त्याला 1 जानेवारी 1900 च्या आधीची तारीख कळतच नाही, ती साधा मजकूर म्हणून पडून राहते आणि क्रम लावताना घोळ होतो. नुसतं 4/7 टाइप केलं तर त्याहून वाईट, कारण ते चालू वर्षाची तारीख बनवून मोकळं होतं. शिवाय अमेरिकी लिहिणारा महिना आधी लिहितो, म्हणजे 4/7 हा 7 एप्रिल. लिब्रेऑफिस कॅल्कला 1858 चालतं, पण सगळ्यांकडे ते नाही.

तारखेची पडताळणी रविवारवरून करा, हा सगळ्यात भरवशाचा उपाय. चर्चला गैरहजर किंवा चर्चला उशिरा आल्याची नोंद बहुतेक रविवारचीच असणार. ती बुधवारी पडली तर आकडा चुकीचा वाचला गेलाय असं धरून चाला. 1858 च्या फेब्रुवारीत 14 तारखेला रविवार होता. तो 4 घाईत लिहिलेला असला तर 1 किंवा 7 वाटतो, पण 11 ला गुरुवार येतो आणि 17 ला बुधवार. एक्सेलवाल्यांनी वार काढताना वर्षात 400 मिळवावे आणि 14 फेब्रुवारी 2258 चा वार बघावा. ग्रेगोरियन पंचांगात 400 वर्षांचे दिवस 1,46,097, त्याला 7 नं पूर्ण भाग जातो, त्यामुळे वार तोच येतो.

अक्षराबद्दल. धुळ्याच्या राजवाडे मंडळातली मोडी कागदपत्रं ज्यांनी वाचली आहेत त्यांना हे हस्ताक्षर जड जाणार नाही, पण खोड्या वेगळ्या आहेत. जोड 'एस'मधला पहिला लांब काढायची सवय त्या काळी बऱ्याच कारकुनांना होती, त्यामुळे 'मेस' हा शब्द 'मेफ्स' दिसतो आणि 'ड्रेस'चं 'ड्रेफ्स' होतं. कॅपिटल 'आय' आणि 'जे', 'टी' आणि 'एफ', 'एल' आणि 'एस' यांत गल्लत होते. नावाची आद्याक्षरं म्हणूनच नुसत्या अंदाजानं भरू नका, शाळेच्या त्या वर्षाच्या छापील यादीशी ताडून घ्या. 'इन्स्ट.' म्हणजे चालू महिना, 'अल्ट.' म्हणजे मागचा. महिन्याच्या पहिल्या दोन-तीन दिवसांच्या नोंदींत 'अल्ट.' सुटला की नोंद तीस दिवस पुढे सरकते.

'डिट्टो'ची खूण मूळ रकान्यात तशीच ठेवा, पण गटाच्या रकान्यात गुन्हा पूर्ण लिहा. तक्ता आडनावानं लावला की खूण आपल्या वरच्या ओळीपासून तुटते आणि खोली अस्ताव्यस्त ठेवणारा पोरगा तंबाखूच्या गटात जाऊन बसतो. पानाच्या पहिल्याच ओळीत खूण असेल तर आधीची चौकट उघडल्याशिवाय पुढे जाऊ नका.

खोडलेल्या नोंदी गाळायच्या नाहीत. सातबाऱ्यावर कमी केलेलं नाव कंसात जातं, तसा डिमेरिटचा आकडा कंसात टाका आणि बेरजेत धरू नका. एक्सेल मात्र कंसातल्या 4 ला उणे 4 समजतं, म्हणून फक्त तेवढा चौकोन (सेल) आधीच 'टेक्स्ट' करून घ्या. बेरीज आणि छापील यादीतला वार्षिक आकडा जुळला नाही तर पहिला संशय या कंसांवर घ्यायचा. आकडे जुळवायला म्हणून नोंद बदलायची नाही, फरक शेऱ्यात लिहायचा.

आता या आकड्यांतून काढायचं काय? वर्षाला 200 डिमेरिट झाले की बडतर्फी, हा त्या काळचा दंडक. जॉर्ज ड्यूईनं स्वतःच पुढे लिहून ठेवलंय की पहिल्या वर्षी त्याचे 113 झाले होते आणि 35 जणांत तो 33 वा होता. तोच 1858 मध्ये 15 जणांत पाचवा येऊन बाहेर पडला आणि 1898 मध्ये मनिलाच्या उपसागरात स्पॅनिश ताफा बुडवला. तेव्हा मोठ्या आकड्यावरून पोराची लायकी ठरवायला जाऊ नका. माझ्या मते या वह्यांतला सर्वांत मोलाचा रकाना 'तक्रार नोंदवणारा' हाच आहे. एखाद्या महिन्यात उशिराच्या नोंदी दुपटीनं वाढल्या तर पोरं बिघडली की तपासणीला नवा अधिकारी आला, हे तिथूनच कळतं. हस्ताक्षर लागत नाही म्हणून तो रिकामा सोडण्याकडे कल दिसतोय. निदान पहिलं अक्षर आणि प्रश्नचिन्ह तरी टाका.

गंभीर प्रकरणं या वह्यांत पुरी सापडणार नाहीत. कोर्ट-मार्शलचे कागद निराळे, 1799 ते 1867 साठी एम 273 मालिका. रॅगिंगचं तर 23 जून 1874 च्या कायद्यानंतर थेट कोर्ट-मार्शल होऊ लागलं. नंतरच्या वह्यांत रॅगिंगचे डिमेरिट कमी दिसले तर प्रकार थांबला असा अर्थ लावू नका. जेम्स कॉन्यर्स हा पहिला कृष्णवर्णीय विद्यार्थी 1872 मध्ये दाखल झाला, त्याचा अतोनात छळ झाला आणि 1873 मध्ये त्यानं राजीनामा दिला. त्याच्या बाबतीत नुसती डिमेरिटची बेरीज दाखवणारा तक्ता अर्धवटच म्हणावा लागेल.

नाव शोधताना हुद्द्यावर विसंबू नका, विद्यार्थ्याच्या हुद्द्याचं नाव बदलत गेलं. 1870 मध्ये 'कॅडेट मिडशिपमन', 1882 मध्ये 'नेव्हल कॅडेट', 1902 मध्ये परत 'मिडशिपमन'. आपल्या भागात तर 'ॲक्टिंग मिडशिपमन' आहे.

उन्हाळ्यापुरतं एक: दुपारी पारा 44-45 वर असताना मोठ्या फायली इंटरनेटवरून उतरवायला लावू नका. हार्ड डिस्क तापते, त्यात वीज गेली की अर्धवट फाईल उरते, आणि ती उघडतेही, फक्त शेवटच्या चौकटी नसतात. रात्री उतरवा आणि सकाळी चौकटी मोजा.

न्यूपोर्टसाठी एक रकाना वाढवतोय: 'मुक्काम'. यादवी युद्धामुळे 1861 मध्ये शाळा ऱ्होड आयलंडमधल्या न्यूपोर्टला हलली आणि 1865 पर्यंत तिथंच होती. वरच्या वर्गांची पोरं अटलांटिक हाऊस या हॉटेलात, खालची कॉन्स्टिट्यूशन आणि पुढे सँटी या जहाजांवर. हॉटेलात खोलीची झडती होते, जहाजावर झोपायची झोळी आणि पेटीची. त्यामुळे 'खोली व सामान' या गटाचे आकडे दोन्हीकडचे एकत्र मोजता येणार नाहीत. मुक्काम कळत नसेल तिथं वर्ग लिहा, त्यावरून नंतर भरता येईल. 1861-62 च्या चौकटी भुसावळकरांकडे, 1862-63 च्या धुळ्याकडे. पुढची दोन वर्षं अजून कुणी घेतलेली नाहीत.