दादरला लग्नाची खरेदी आणि नऊ जणांचं दुपारचं जेवण: माझा अनुभव

नणंदेचं लग्न ठरलं आणि बस्ता दादरलाच बांधायचा हे आईंनी म्हणजे माझ्या सासूबाईंनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. आम्ही डोंबिवलीचे. इथे साड्या मिळत नाहीत असं अजिबात नाही, पण त्यांचा स्वतःचा शालू दादरचा, मोठ्या जावेचा दादरचा, मग हिचाही तिथलाच. त्यावर कोणी वाद घातला नाही. साडी, दागिने, मानपान, बजेट या सगळ्यावर आमच्या घरात चार चार बैठका झाल्या, फक्त दुपारी जेवायचं कुठे यावर कोणी एक वाक्य बोललं नाही. दादर आहे, पावलापावलावर हॉटेल आहे, बघू तिथे गेल्यावर, एवढंच.

तुळशीचं लग्न झाल्यानंतरचा शनिवार. आम्ही नऊ जण: आई, बाबा, नवरा, मी, आमचा चार वर्षांचा मुलगा, नणंद, जाऊ आणि तिचं आठ महिन्यांचं बाळ, आणि नवऱ्याची मामी. आईंचे दोन्ही गुडघे गेलेत, बाबांना डायबेटिस आहे आणि जेवणाआधी इन्शुलिन असतं, आणि त्यात आईंचा शनिवार, म्हणजे उपास. हे मला सगळं माहीत होतं हो, रोज त्याच घरात राहते मी, पण निघताना डोक्यात फक्त शालू होता.

रानडे रोडवरच्या दोन दुकानांत सव्वा वाजला. मुलगा कंटाळून गादीवर लोळायला लागला, बाळ रडायला लागलं, मग नवऱ्याने फोनवर जवळचं आणि रेटिंग चांगलं असलेलं एक एसी हॉटेल शोधलं. तिथे गेलो तर खाली माणसांचा हा घोळका. वहीत नाव लिहून घेणारा मुलगा म्हणाला, दहा मिनिटं फक्त. बाबांना गोळ्या-इंजेक्शनच्या बाबतीत शिस्त फार, त्यांचं इन्शुलिन जेवणाच्या अर्धा तास आधी घ्यायचं असतं, त्यांनी हिशेब केला की दहा मिनिटं थांबणं, ऑर्डर, ताट येणं, झालाच की अर्धा तास, आणि बाजूच्या दुकानाच्या आडोशाला उभं राहून त्यांनी इंजेक्शन घेऊन टाकलं. आम्ही कोणीच अडवलं नाही कारण आम्हालाही ते बरोबरच वाटलं.

ती दहा मिनिटं संपेचनात. नऊ माणसांना एकत्र टेबल हवं म्हणून आमच्या मागून आलेले दोघं-चौघं आत जात होते आणि आम्ही तिथेच. पाऊण तास गेला असेल. मी बाळासाठी पाणी काढत होते आणि मामी म्हणाली, अगं दाजींकडे बघ जरा. बाबा भिंतीला टेकून उभे होते, शर्ट पाठीला चिकटलेला, कपाळावरून घाम गळतोय आणि हातातली पिशवी थरथरतेय. मी काय होतंय विचारलं तर ते म्हणाले, "शालूचं बिल... बिल..." आणि पुढचं वाक्यच येईना. आमचे बाबा निवृत्त शिक्षक, वाक्य अर्धवट सोडणारा माणूस नाही. माझ्या पोटात गोळा आला.

समोर फूटपाथवर एक चहावाला होता. नवरा धावत गेला, त्या माणसाने एक प्रश्न न विचारता अर्धा ग्लास पाण्यात तीन चमचे साखर ढवळून दिली आणि स्वतःचं स्टूल पण पुढे केलं. बाबांना बसवून घोट घोट पाजलं. पिशवीत मीटर होतं, बघितलं तर ६१. सत्तरच्या खाली म्हणजे साखर कमी झाली हे मला माहीत होतं, पण आकडा वाचणं वेगळं आणि आपल्या माणसाचा हात हातात धरून तो थंड लागणं वेगळं. पंधरा मिनिटांनी परत बघितलं, ८८. तेव्हा कुठे आई बोलल्या, तोपर्यंत त्या नुसत्या त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. चहावाल्याने पैसे घेतले नाहीत, नवऱ्याने खूप आग्रह केला तरी नाही.

त्यानंतर टेबल मिळालं ते पहिल्या मजल्यावर, अरुंद जिना, लिफ्ट नाही. आई एक एक पायरी धरून चढल्या. उपासाचं काय आहे विचारलं तर फ्रेंच फ्राईज आणि ज्यूस. बाळाला ठेवायला खुर्ची नाही, बाथरूम परत खाली आणि त्याला कडी नाही, मी बाहेर उभी राहिले तेव्हा जाऊ आत गेली. बिलात दहा टक्के सर्व्हिस चार्ज लावलेला. नवऱ्याने शांतपणे सांगितलं की तो न विचारता लावता येत नाही. मॅनेजर आधी म्हणाला आमची पॉलिसी आहे, मग काढला. हे खरंच सगळ्यांनी लक्षात ठेवा: केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या जुलै २०२२ च्या मार्गदर्शक सूचना आहेत आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली हायकोर्टाने त्या उचलून धरल्या. जीएसटी द्यावाच लागतो, एरवीच्या हॉटेलात पाच टक्के असतो, पण सर्व्हिस चार्ज द्यायचा की नाही ही आपली मर्जी.

शालू त्या दिवशी झालाच नाही. साडेतीनची गाडी पकडून घरी आलो.

पुढच्या आठवड्यात बाबांना डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी साधी गोष्ट सांगितली, बाहेर जेवायचं असेल तर बसायला जागा मिळून ऑर्डर गेल्याशिवाय आणि जेवण कधी येणार हे नक्की कळल्याशिवाय इन्शुलिन घ्यायचं नाही, आणि खिशात कायम ग्लुकोजची पुडी. बाबांच्या औषधाचं वेळापत्रक त्यांच्या डॉक्टरांनी सांगितलेलं आहे, तुमच्याकडे कोणी असेल तर तुमच्या डॉक्टरांना विचारा, पण विचारा नक्की, आम्ही इतकी वर्षं विचारलंच नव्हतं.

आता दुसरी फेरी. यावेळी जेवणाचं मी बघणार असं मी घरात स्पष्ट सांगितलं. माझं ऑफिस परळला आहे, त्यामुळे दोन दिवस लंच टाईममध्ये मी स्वतः दादरला जाऊन आले. फोनवर फोटो बघून काही कळत नाही हो, पदार्थाचे फोटो शंभर असतात आणि पायऱ्यांचा एकही नसतो. मी वहीत प्रत्येक जागेपुढे लिहिलं की पायऱ्या किती, बाथरूम कुठे, खुर्चीला पाठ आहे की बाकडं, टेबल आपलं की दुसऱ्याबरोबर वाटून, आणि साडेबाराला बाहेर किती माणसं उभी.

आधी दिवस ठरवला. सोमवारी दादरची बरीच दुकानं बंद असतात, म्हणजे तो गेला. मंगळवारी संकष्टी आली तर अंगारकी, मग सिद्धिविनायकाची गर्दी सगळीकडे सांडते. गुरुवारी मामीचा उपास, शनिवारी आईंचा, रविवारी तर पाय ठेवायला जागा नाही. कालनिर्णय काढून चतुर्थी-एकादशी बघून बुधवार धरला. नवऱ्याने आणि मी सुट्टी टाकली. एक दिवसाची सुट्टी गेली तर गेली, मला वाईट वाटलं नाही.

मग जागा. बाबांच्या मनात माटुंग्याचं रामा नायक यांचं उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग होतं, तरुणपणी ते तिथे केळीच्या पानावर जेवायचे. १९४२ पासूनची खाणावळ, माटुंगा स्टेशनच्या अगदी समोर, जेवण साधं आणि पोटाला हलकं, पण मंडईच्या इमारतीत वरच्या मजल्यावर आहे. आईंना तो जिना नको म्हणून बाबांनीच ते मागे घेतलं, आपण दोघं बापलेक नंतर जाऊ म्हणाले मुलाला. मामा काणे दादर स्टेशनला लागूनच, १९१० पासूनचं, गाडीतून उतरल्यावर बटाटेवडा आणि चहाला झकास, पण नऊ जणांनी बाळासकट निवांत बसून दुपारचं जेवायला मला ती जागा योग्य वाटली नाही. गोखले रोडवरच्या प्रकाशमध्ये साबुदाणा वडा आणि पियूष, त्याला तोड नाही असं माझं प्रामाणिक मत आहे, पण तिथे टेबल अनोळखी माणसांबरोबर वाटून घ्यावं लागतं आणि खुर्चीमागे पुढचा माणूस उभा असतो. दोघांनी जाऊन खाऊन निघायचं तर उत्तम, पण बाळाला भरवायला वीस मिनिटं लागतात आणि मागे कोणी उभं असलं की आईच्या घशाखाली घास उतरत नाही. नवऱ्याला आणि नणंदेला दादरच्याच सिंधुदुर्ग हॉटेलमध्ये मासे खायचे होते. ते मी नाकारलं नाही, पुढे ढकललं, कारण मामी आणि आई मासे खात नाहीत आणि लहान मुलाला गर्दीत काटे काढून भरवणं मला जमणार नव्हतं.

शेवटी आस्वाद ठरलं. गडकरी चौकात, शिवसेना भवनासमोर. १९८६ पासूनचं आहे, आणि २०१५ साली त्यांच्या मिसळीला लंडनच्या फूडी हब पुरस्कारांत जगातली सगळ्यात चविष्ट शाकाहारी डिश म्हणून निवडलं होतं, तेव्हापासून बाहेरची गर्दी आणखी वाढली. पण मी मिसळीसाठी ते निवडलं नाही. आईंना, मामीला, मुलाला आणि बाबांना, सगळ्यांना ओळखीचं काहीतरी तिथे मिळतं म्हणून निवडलं. थालीपीठ लोण्याबरोबर, कोथिंबीर वडी, डाळिंबी उसळ, साबुदाण्याचे पदार्थ. चार वर्षांच्या मुलाला मेनू कार्डातलं नवीन नाव नको असतं, त्याला घरचा वास हवा असतो.

वेळ मी पावणेबाराची ठरवली आणि यावर घरात सगळ्यात जास्त विरोध झाला. एवढ्या लवकर भूक कोणाला लागते म्हणे. मी म्हटलं नाश्ता सातला करा, म्हणजे लागते. दादरला सव्वाबारा-साडेबारापासून ऑफिसवाले, खरेदीवाले, देवदर्शनवाले सगळे एकदम येतात, त्याच्या आधीचा अर्धा तास मिळाला तर मिळाला. आणि दुसरं, नऊ जणांचं एक टेबल मागायचं नाही. दोन टेबलं मागायची, पाच आणि चार, ती चटकन मिळतात. बाबा, आई, मी आणि मुलगा एकीकडे, बाकीचे दुसरीकडे. बाबांना आधी बसवायचं.

आणखी एक, डोंबिवलीकरांसाठी. आपल्याला स्टेशनबाहेर रिक्षाची सवय, पण दादरला रिक्षा नाहीच, रिक्षा माहीम-सायनच्या पुढे येत नाहीत. काळीपिवळी टॅक्सी करावी लागते, कमीतकमी भाडं फेब्रुवारी २०२५ पासून ३१ रुपये, आणि जवळच्या अंतराला बरेच जण नाही म्हणतात. मी आई-बाबांसाठी आधी टॅक्सी बघितली, तिसऱ्याने हो म्हटलं, बाकीचे आम्ही चालत. आणि ज्यांना वेगळं येऊन भेटायचंय त्यांना नुसतं 'सहा नंबरवर भेटू' असं सांगू नका, मध्य रेल्वेच्या प्लॅटफॉर्मचे नंबर २०२३ च्या डिसेंबरपासून ८ ते १४ झालेत, जुने नंबर डोक्यात असलेली माणसं पश्चिम रेल्वेच्या बाजूला जाऊन उभी राहतात. मामीचं तेच झालं.

त्या बुधवारी आम्ही बारा वाजायला दहा मिनिटं असताना पोचलो. दोन टेबलं मिळाली, शेजारी शेजारी नाहीत पण एकमेकांना दिसतील अशी. बसल्या बसल्या मी वेटरदादांना सांगितलं की बाबांना इन्शुलिन आहे, त्यांचं आधी आणाल का आणि किती वेळ लागेल ते खरं सांगा. ते म्हणाले, "काकांचं सांगा आत्ता, बाकीचं मग लिहितो." बस, एवढं एक वाक्य. बाबांनी ऑर्डर दिली, किती वेळ ते परत विचारलं आणि डॉक्टरांनी सांगितलं होतं तसं, तेवढ्या हिशेबाने इंजेक्शन घेतलं. मी घड्याळ बघत होते, आई माझ्याकडे बघत होत्या.

थालीपीठ आलं. कडेला कुरकुरीत, वर पांढरं लोणी हळूहळू विरघळत होतं. मुलाने बोटाने आधी सगळं लोणी चाटलं आणि मग आजोबांच्या ताटातला तुकडा उचलला. बाबांनी त्याला दुसरा दिला, स्वतः दही घेतलं आणि मग पूर्ण वाक्यात, नेहमीच्या आवाजात, नणंदेच्या टेबलाकडे वळून म्हणाले, "मोरपंखीच घे गं, मागच्या वेळी तुला तोच आवडला होता, मी बघत होतो." त्या शनिवारी तोंडातून न निघालेलं ते वाक्य होतं. आईंनी पदर डोळ्यांना लावला आणि उसळ तिखट आहे म्हणाल्या.

एक वाजायच्या आत बाहेर पडलो तेव्हा दारात रांग पार फूटपाथवर गेली होती. रांगेत एक आजोबा उभे होते, त्यांच्या सुनेला मी थांबून सांगितलं की दोन टेबलं मागा, लवकर मिळतील, आणि काकांना आत खुर्ची मागून घ्या, देतात.

शालू त्या दुपारी झाला. मोरपंखी. घरी येताना गाडीत बाबांची साखर बघितली, १३८. जाताना आईंनी त्या चहावाल्याला आठवणीने पाव किलो पेढे दिले, तो आधी ओळखेचना, मग बाबांना बघून हसला आणि म्हणाला, बसा की.

आता पुढच्या महिन्यात मुलाकडची मंडळी कोल्हापूरहून येणार आहेत मानपानाच्या खरेदीला, बारा जण, त्यात एक आत्या व्हीलचेअरवर आणि बाकी सगळे माशांवर जीव टाकणारे. बुधवारच धरलाय. परवा लंच टाईममध्ये सिंधुदुर्गला जाऊन दाराची रुंदी आणि पायऱ्या बघून येणार आहे.